कोणाचं अडेल?

दुसऱ्यांदा चहा मागितला तरी सुमनबाई विचारायच्या, "नाही दिला तर कोणाचं अडेल?" माणसाला, कागदाला, सगळ्याला हाच प्रश्न. मी चौथी नापास, पण त्यांच्या संस्थेची जीप अठरा वर्षं चालवली आणि तिला ओरखडा येऊ दिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

संस्था गोखिवऱ्यात, दोन खोल्यांची. मदत परदेशातून यायची. तिच्यावर मुलींचा शिवणवर्ग चाले आणि डोंगराकडच्या पाड्यांवर क्षयाच्या गोळ्या पोचत. गोळ्या सरकारी दवाखान्याच्या. पण सहा महिने न चुकता त्या पोटात जातात का, हे बघणं आमचं. रिकामी पाकिटं हातात घेतल्याशिवाय बाई नवी देत नसत.

मागच्या वर्षी तिकडून पत्र आलं, मदत निम्म्यावर. मग तिथल्या मॅडम कॉम्प्युटरवर बाईंशी बोलल्या. शिवणवर्ग ठेवा म्हणाल्या, फोटो छान येतात. वर्ग बाईंनी स्वतः उभा केलेला, मला वाटलं बाई खूश होतील. त्यांनी उलट कळवून टाकलं, "शिवण थांबली तर मुली माझ्यावर रागावतील. गोळ्या थांबल्या तर माणूस जातो." शिवण बंद. आणि जीपही बंद.

मी तडक सांडोरला त्यांच्या वाडीत गेलो. बाई कोयत्याने केळीच्या बुडाची पिलं काढत होत्या.

"जीप गेली तर गोळ्या काय उडत जातील?"

"एसटीने जातील. पुढे पायी."

"कोन नेनार?"

"तू."

"मी डायवर हाय बाई, हमाल नाय."

त्यांनी एक चांगलं पोसलेलं पील काढून बाजूला टाकलं. "हेही माझ्याच केळीचं. सगळी ठेवली तर घड पोसत नाही. एकच ठेवायचं, आणि कोणतं ते आपणच ठरवायचं. बोल, जीप बंद केली तर कोणाचं अडेल?"

"माझं."

"अडेल. मरणार नाहीस."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी गोळ्यांची पिशवी उचलली. शेवटच्या पाड्यावर, चढ संपतो तिथे, लखमीचं घर. मला धापा टाकताना बघून ती हसली.

"जीप म्हातारी झाली का तू? पानी घे आधी."

"आधी पाकिटं दाखव," मी म्हणालो.

पुढे बाईंनीच अंथरूण धरलं. एका गुरुवारी मी उशाशी जाऊन बसलो. त्यांनी डोळे उघडले.

"आज लखमीचा दिवस ना?"

"उद्या जाईन."

"तिच्या गोळ्या आज संपल्यात. तू इथे नसलास तर माझं काय अडेल? ऊठ."

उठलो. पुढच्या गुरुवारी निम्म्या चढावर असताना फोन आला, बाई गेल्या, चार वाजता नेणार. तिथूनच मागे फिरलो असतो तर एसटी मिळत होती. मी वर चढलो. लखमीने रिकामी पाकिटं पुढे केली, मी एकेक उलटून बघितलं. एकही गोळी शिल्लक नव्हती. नवी पाकिटं तिच्या हातात ठेवली. तिचा तो सहावा महिना होता.

लोक अजून बोलतात, अठरा वर्षं सोबत असलेला माणूस बाईंच्या अग्नीला आला नाही. मी गेलो नाही म्हणून कोणाचं अडलं, ते त्यांनी मला दाखवावं.