रुमालाखालचा हात अन् जिलेबी

आमचे हे, कडूबा, शहरात पुंडलिकनगरात लेकीकडं असले की देवमाणूस. सहा महिने दारूच्या थेंबाला शिवले नायत. अन् गावी पिशोरला परत येऊन बाजारात एक शेळी विकली, की झालं! दोघांनी धरून घरी आणायचं. डॉक्टरांनी बजावलं व्हतं, आता पिले तर लिव्हर गेलंच म्हणून समजा.

"नाटकं करतोय तुझा बाप," मी फोनवर ज्ञानेश्वरीला म्हणलं. लेक माझी शहरात कॉलेजात उंदरांवर संशोधन करते.

"नाटक नाय गं माय. घंटा वाजली की नळीतनं दारूचं पाणी मिळतं, हे माझे उंदीर शिकतात. मग दुसऱ्या पिंजऱ्यात नुसतीच घंटा वाजवत राहिलं, की हळूहळू धावायचं सोडतात. पण जुन्या पिंजऱ्यात आणून घंटा वाजवली, की सुटलेच नळीकडं!"

"मग बाप उंदीर व्हय गं तुझा?" मी भडकले. पण डोळ्यापुढं बाजार आला. रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव ठरायचा, अन् हात सुटला की दोघं तसेच गुत्त्यावर. लग्न झाल्यापासून हेच बघत आले मी.

"मग जुन्या जागीच नवी सवय लावून बघू," लेक म्हणली.

शेळ्या विकल्याबिगर खायचं काय? म्हणून दर बाजाराला मी पदर खोचून ह्यांच्या मागं उभी. हात सुटला, की मनगट धरून सरळ सरूबाईच्या जिलेबीच्या गाड्यावर. "कडूबा, बायकोनं दावं बांधलं का रं?" लोक फिदीफिदी हसायचे. ह्यांचं तोंड एरंडेल पिल्यावानी.

"खा गुमान!" मी म्हणायचे.

थंडी सरली, ऊन तापलं, तरी आमची जिलेबी चालूच. मागल्या बाजाराला नेमका मला ताप भरला. हे एकटेच गेले. दुपार टळली तरी पत्ता नाय. माझा जीव टांगणीला.

दारात आला तो सखाराम व्यापारी, ह्यांचा जुना पिणारा जोडीदार. एकटाच. "हे कुठं हायेत?" मी अंथरुणातनंच वरडले.

"वहिनी, काय करून ठेवलंय ह्याला?" सखाराम कुरकुरला. "सौदा झाला अन् मला बी ओढत जिलेबीवर नेलं की!"

तेवढ्यात मागनं हे आले, हातात तेलकट पुडा. मी पडल्यापडल्याच रडायला लागले. लई दिसांनी सुखाचं रडले.

"अगं, मनगट धरायला तू नव्हतीस," हे म्हणले, "म्हणून मी सखारामचं धरलं."