दाजींना मिळालेली समज

अक्काचा सुजलेला ओठ बघून ११२ ला फोन लावला तो मी. माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तोवर हात धुऊन पोहे खायला बसले होते. मारून झालं की त्यांना भूक लागायची. त्यांना अजून अहो-जाहो करते ते सवयीनं, उगीच मान समजू नका.

भवानी पेठेतल्या त्यांच्या दारासमोर पोलिसांची गाडी थांबली, तेव्हा दाजींचा चेहरा पडला. ओठामुळे नव्हे, गाडीमुळे. "सायेब, गाडी जरा कोपऱ्यावर लावा की. चार लोकं बघत्यात," म्हणाले. हीच चार लोकं भिंतीपलीकडून अक्काचं रडणं ऐकत आली होती, त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती.

दुपारी दाजी चौकीवरून परतले ते थेट कट्ट्यावर. शेजारी जमलेच होते.

"सायेब लई चांगला मानूस हाय. खुर्ची दिली, चहा पाजला. म्हनला, संसारात व्हतंय असं, हात आवरा जरा. समज दिली आन सोडलं."

समज दिली, हे असं सांगत होते की शाल-श्रीफळच मिळालंय. पोलिसांच्या लेखी ती ताकीद असते म्हणे. दाजींना ती शाबासकी वाटली. तक्रार एकच, फोन कुणी केला.

"मी केला," मी म्हणाले.

वाटलं, अंगावर येतील. ते हसले. "बरं केलंस. सायबाची वळख झाली. आता कर की कितीबी फोन."

अक्काला वाचवायला गेले आणि या माणसाची उरलीसुरली पोलिसांची भीतीही मीच घालवून बसले होते. आता रात्री तिचं काय होणार, याचीच मला धास्ती.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोरीचं बोट.

"कुटं निगालीस?" दाजी म्हणाले.

"होटगीला, आईकडं."

"आगं, मिटलं की सगळं. समज दिली सायबानी."

"व्हय," अक्का म्हणाली. "दिली तुमाला. आली मला."

मी रिक्षा बोलावली. रिक्षावाला कोपऱ्यावरच थांबत होता, त्याला मुद्दाम दारासमोर आणायला लावली.