नवरीकडची वीज

लोटन रावेरला पहिल्यांदा आला तो नवरदेव म्हणून, आणि परत गेलाच नाही. त्याचं अर्धं चरित्र एवढ्यातच आलं, आणि आमची सगळी करमणूकही.

गडी धुळ्याकडचा, पांझरेकाठचा. देवपुरात मामाकडे राहून वायरमनचा कोर्स केलेला. घरी चार भाऊ आणि कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा. इकडे रावेरजवळच्या आमच्या खेड्यात सुंदरबाईची केळीची बाग, दोन विहिरी आणि एकुलती एक मंजुळा. नवरा गेल्यापासून बाईने बाग एकटीने राखली होती. मजूर तिच्या आवाजाने सरळ चालत आणि बैल नुसत्या नजरेने. लग्नाच्या बैठकीतच तिने सांगून टाकलं, मुलगी जाणार नाही, जावई येईल. १९८५ साली तो आला.

घरजावई हा शब्द आमच्याकडे शिवी नाही. शिवीपेक्षा एक पायरी खाली बसतो, पण टोचतो जास्त. रतिलालच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे एक फळी आहे, तिच्यावर आम्ही चार रिकामटेकडे बसायचो. लोटन दुकानात शिरला की आम्ही विचारायचो, सासूबाईंनी आज कोणता खिळा सांगितलाय. तो खिळे मोजून घ्यायचा. देवाने त्याला कान मात्र सढळ हाताने दिले होते, ते लाल व्हायचे, आणि आम्हाला तेवढं पुरायचं. एका लग्नात पंगतीत कुणीतरी म्हणालं, ह्याला वाढू नका, हा घरचाच. लोटन भरल्या ताटावरून उठला आणि उन्हात चालत घरी गेला. तेव्हापासून तोंडावर कुणी तो शब्द काढला नाही. पाठीमागे जरा जास्त काढला. एरवी तो ‘सुंदरबाईचा जावई’. लोटन म्हणून हाक मारणारं गावात कुणी नव्हतं.

आता केळीला लागतं पाणी, आणि पाण्याला मोटर. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की मोटर खालच्या टप्प्यावर न्यायची, नाहीतर दुसऱ्या विहिरीवर. प्रत्येक वेळी तीन वायरी सोडायच्या, पुन्हा पिळायच्या, वर टेप गुंडाळायची. टेप नसली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. असा जोड तापायचा, काळा पडायचा, मोटर जाळायचा. घाईत दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरायची. उलटी मोटर पाणी देत नाही, नुसती ओरडते. आमच्या फळीवर असे दोघे होते.

लोटनला त्या पिळलेल्या वायरींचा मनापासून राग होता. गबाळं काम बघून त्याला ठसका लागायचा. चिखलात उभ्या माणसाने ओल्या हाताने जोडला तरी एका दाबात बसेल आणि चुकीचा बसणारच नाही, असा जोड त्याला करायचा होता. पहिला त्याने बाभळीच्या लाकडाचा कोरला, तेलात उकळून. पावसाळ्यात तो फुगला. मग जळगावच्या मोतीलालला गाठलं. मोतीलाल हातदाबाच्या यंत्रावर बॅकेलाईटची, म्हणजे त्या काळ्या कडक प्लास्टिकची, विजेची बटणं काढायचा. आता एका अर्ध्या भागावर पितळेचे तीन दांडे, दुसऱ्यात तीन नळ्या. एक दांडा मुद्दाम जाड, म्हणजे जोड बसला तर एकाच बाजूने बसेल आणि मोटर उलटी फिरणार नाही. महिन्याभरात नळ्या सैल पडल्या. मग त्याने नळीला उभी चीर दिली आणि वरून पोलादी तारेचं कडं घातलं, दांडा आत गेला की नळी त्याला आवळून धरते. ही तार कुठून आली ते त्याने सांगितलं नाही, पण त्या पावसाळ्यात सुंदरबाईच्या घरातली एकही छत्री उघडेना. पाणी आत जाऊ नये म्हणून रबर लागलं, ते मंजुळेच्या कुकरचं गेलं. आमच्या घरी येऊन ती माझ्या बायकोला म्हणाली, “आमच्याकडे मोटर शिजते, डाळ नाही.”

जोड तो ओल्या मातीत पुरायचा, मोटर दिवसभर चालवायचा आणि मग उकरून गालाला लावायचा. गालाला ऊन लागला की जोड नापास. किती नापास केले ते मोतीलालला विचारा, तो अजून कानाला हात लावतो. चालतंय तेवढं चालू द्या म्हणायची आपल्याकडची पद्धत, आणि ह्या माणसाला चालत होतं ते चालत नव्हतं. थट्टा करता करता आम्ही फळीवरचे त्याच्या गालाकडे बघायला लागलो होतो.

ह्या सगळ्यातून त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदम पुष्कळ जोड काढायच्या मोठ्या साच्यात ‘लोटन’ अशी अक्षरं कोरायची, म्हणजे प्रत्येक जोडावर ती उठून दिसतील. हे त्याने फक्त रतिलालला सांगितलं, म्हणजे तालुक्याला सांगितलं. सासूच्या गावात, सासूच्या बागेत, माणसाला आपलं नाव लिहायला दुसरी जागा तरी कुठे होती?

इथे एक घोळ झाला. धुळ्यापासून जळगावापर्यंत ह्या धंद्यात दांड्यांच्या भागाला नर म्हणतात आणि भोकांच्या भागाला मादी. पण पहिली जोडी दाखवायची होती सुंदरबाईला. जावई सासूसमोर पाय पसरून बसत नाही, तो नर-मादी कुठून म्हणणार? लोटनने भिंतीकडे बघून सांगितलं, हा नवरदेव आणि ही नवरी. बाईला ते आवडलं. रतिलालला त्याहून आवडलं, कारण जोड तोच विकणार होता आणि त्याच्या दुकानात बायाही यायच्या. नाव चिकटलं.

नियम सोपा होता. वीज येते ती स्टार्टरकडून, म्हणजे मोटर चालू करायच्या पेटीकडून, म्हणून नवरी स्टार्टरकडे. तिला नुसती भोकं, बोट आत जात नाही. नवरदेव मोटरीकडे. जोड सुटला की त्याच्या दांड्यांत वीज नाही. रतिलाल प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायचा आणि प्रत्येक गिऱ्हाईक हसायचं, कारण रतिलाल थट्टेखोर. लोक म्हणायचे, नवरी कधी माहेरी राहते का? जागची हलते कोण, मोटर. म्हणजे सासरी जाणारी तीच, नवरी तिच्याकडे. आणि नवरदेव आपल्या घरी, स्टार्टरपाशी. आख्ख्या शिवारात लोकांनी रीतीप्रमाणे जोड बसवले. रीत चोख, जोड उलटे. सुटला की नवरदेव तीन उघडे दांडे घेऊन ओल्या बागेत लोंबणार, अंगात सगळी वीज.

लोटनला ह्याचा पत्ता नव्हता. तो मोठ्या साच्यासाठी जळगावला मोतीलालकडे जाऊन बसला होता. इकडे सुंदरबाईने पाहिलं, सगळ्यांच्या बागेत नवरी मोटरीकडे आणि आपल्या एकटीच्या बागेत उलटं. तिला वाटलं, जावई चुकला. आता कुठे त्याचं नाव होतंय, लोक हसायला नकोत. तिने कौतिक नावाच्या सालदार गड्याला बोलावून गुपचूप अदलाबदल करून घेतली आणि दोघांनी तोंडं मिटली.

१९९१ चा एप्रिल. मोटर खाली उतरवायची होती. दीपनगरच्या वीजकेंद्राकडून येणारी वीज गेलेली, म्हणून कौतिकने निर्धास्तपणे जोड सोडवला. नवरदेव चिखलात पडला. बाई तो उचलून खांबाला टांगायला वाकली आणि त्याच वेळी वीज आली. स्टार्टरला वीज येताच आपोआप चालू होणारा ऑटोस्विच होता, त्याने आपलं काम केलं. दांड्यांना बोटं टेकली न टेकली तोच बाई फेकली गेली, पाटात जाऊन पडली. झटक्याने हात सुटला म्हणून वाचली. दोन बोटं काळी पडली, दंडापर्यंत हात बधिर.

लोटन दुपारच्या बसने आला. त्याने आधी सासूचा हात पाहिला, मग जाऊन जोड पाहिला. कौतिक सांगायला लागला, की बाईनेच बदलायला सांगितलं होतं. बाईने खाटेवरून त्याला गप्प केलं. लोटन उंबऱ्यात बसला. सहा वर्षांत त्याने आमच्याकडची बोली उचलली होती, ती त्या दिवशी गळून पडली आणि धुळ्याकडची अहिराणी वर आली. म्हणाला, “हाई मनी चूक शे. नाव मीच चुकीचं ठेवं. बठ्ठा जोड मी बदलसू.”

दुसऱ्या दिवसापासून लुनावर पेचकस बांधून तो बागेबागेत फिरला, स्वतः सगळे जोड उलटवून देत. फळीवरून कुणी अवाक्षर काढलं नाही. पण त्याची पाठ वळली की लोक पुन्हा रीतीप्रमाणे करत. चिंधाआबा म्हणजे गावातला वडीलधारा माणूस, त्याने तर समोरच ऐकवलं, “बापू, तुझं शहानपन मोटरीत चालव. लग्नात नको.” मग लोटनने रतिलालच्या दुकानातले सगळे जोड उतरवून पोत्यात भरले आणि मोतीलालला निरोप पाठवला, नाव कोरू नको, साचा थांबव. लोकांना उमगेपर्यंत एकही जोड विकायचा नाही, आणि लोकांना तर उमगत नव्हतं.

पुढचं मंजुळेने माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे माझ्यापेक्षा खरं धरा. दुपारी तो जेवत होता. सुंदरबाईने खाटेवरून विचारलं, “जावईबापू, वीज कोनाच्या घरी ऱ्हाते?”

“स्टार्टरकडे. नवरीकडे.”

“म्हंजे घर नवरीचं. नवरदेव तिच्या घरी येतो.”

लोटनने भाकरीचा तुकडा मोडला.

“मंग त्याले घरजावई म्हना ना. साऱ्या गावाले एका शब्दात समजीन.”

मंजुळेचा वाढता हात थांबला. सहा वर्षांत त्या घरात तो शब्द बाईने कधी उच्चारला नव्हता, दुसऱ्याला उच्चारू दिला नव्हता. लोटनने उरलेली भाकरी संपवली, ताट धुऊन ठेवलं, लुना काढली आणि गेला. संध्याकाळी आला नाही. रतिलाल म्हणाला, गेला धुळ्याला, कायमचा. आम्ही मान डोलावली आणि कधी नव्हे ते आम्हाला चुकल्यासारखं झालं.

पुढचं आधी सांगून टाकतो, मला राहवत नाही. तो जोड यावल, चोपड्यापर्यंत खपला, पार देवपुरातल्या दुकानांत गेला. लोटनने रावेरात स्वतःचं यंत्र टाकलं, फ्यूज काढले, होल्डर काढले. परगावचा माणूस रतिलालच्या दुकानात उभा असताना कुणी “एक घरजावई द्या” म्हणालं की तो दचकायचा. रतिलाल गंभीरपणे सांगायचा, सुटा मिळत नाही, नवरीसकट घ्यावा लागतो.

म्हणजे तो धुळ्याला गेला नव्हता. मोतीलालकडे गेला होता. दोन दिवसांनी पोतं घेऊन आला आणि त्याने सगळ्या बागाईतदारांना सुंदरबाईच्या विहिरीवर बोलावलं. आम्ही न बोलावता गेलो. त्याने दोन भाग वर धरले. भोकांच्या भागावर अक्षरं होती नवरी. दांड्यांच्या भागावर घरजावई. लोटन कुठेच नव्हतं. कोपऱ्यात बारीक टाकतो, असं मोतीलाल म्हणाला होता म्हणे. ह्याने सांगितलं, राहू दे.

“घर नवरीचं,” लोटन मोठ्याने म्हणाला. कान लाल, पण आवाज सरळ. “वीज तिच्याकडे. हा घरजावई. तिच्या घरी येतो, मोटर घेऊन. आणि घरजावयात करंट नसतो. सुटा केला का थंड.”

क्षणभर कुणाला कळेना, हसावं की नाही. मग चिंधाआबा हसला, आणि मग सगळी बाग. लोटनने हसू दिलं. जोड कसा बसवायचा हे त्यानंतर त्या शिवारात कुणी विसरू म्हटलं तरी विसरणार नव्हतं.

त्याने मोटर बंद केली, जोड सोडवला, स्टार्टर पुन्हा चालू केला. नवरीत वीज आली. घरजावयाचे दांडे स्वतः मुठीत धरायला तो निघाला, तोच सुंदरबाई पुढे आली. झटका बसला त्या दिवसापासून ती मोटरीजवळ फिरकली नव्हती. तिने हळदीची पट्टी सोडली आणि तोच हात पुढे केला. लोटनने तो भाग पाठीमागे घेतला.

“द्या इकडे,” बाई म्हणाली.

त्याने दिला. तिने तिन्ही दांडे काळ्या पडलेल्या बोटांनी घट्ट धरले आणि सगळ्यांना दिसेल असा हात वर केला. कौतिकने डोळे मिटले होते.

“थंड हाये,” ती म्हणाली. मग दांडे तसेच धरून आमच्याकडे, म्हणजे फळीवरच्यांकडे वळली. “घरजावई हा. माह्या जावयाचं नाव लोटन हाये. ध्यानात ठेवा.” आणि दांडे त्याच्या हातात देत म्हणाली, “लावा आता. बाग वाट पाहून राह्यली.”