चढाला दमणारी गाडी

सुनीतीबाईंना गाडी चालवता येत नाही, हे त्यांच्या घरात सगळ्यांना अचानक कळलं, तेव्हा त्या बारा वर्षं गाडी चालवत होत्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ही छोटी गाडी घेतली होती. नवरा आदल्याच वर्षी गेला होता. मुलगा अनंत तेव्हा ज्या कंपनीत होता तिथे नोकरदारांना गाडीवर सवलत मिळायची, म्हणून गाडी त्याच्या नावावर घेतली. "नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना," असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. चांगल्या नोकऱ्या करून, घरं चालवून, मुलं वाढवून झालेल्या बायका अशा वेळी नेमकं हेच म्हणतात.

दर बुधवारी सकाळी त्या कोथरूडहून निघायच्या आणि मांजरीला धाकट्या भावाकडे, बाळकडे जायच्या. बाळ उसाच्या संशोधन केंद्रात नोकरीला होता. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि एक बाजू गेली. बोलणं जड झालं. त्याची बायको दिवसभर राबायची. ताई आली की तिला दोन तास पाठ टेकायला मिळायची. बसने जायचं तर दोनदा बदलायची, आणि सुनीतीबाईंचे गुडघे बसच्या पायऱ्यांपुढे हात टेकत. गाडीत मात्र गुडघ्यांची काही तक्रार नसायची. गाडी होती म्हणून बुधवार होता.

मग गाडी चढाला दमायला लागली. सोसायटीच्या गल्लीतला साधा चढ, तोसुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायची. सुनीतीबाईंनी अनंतला सांगितलं. त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता निदान केलं.

"आई, तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. गाडीचा प्रॉब्लेम नाहीये."

सर्व्हिस सेंटरमध्येही तेच. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या तिथल्या मुलाने, सुनीतीबाई शेजारी उभ्या असताना, अनंतला विचारलं, "गाडी कोण चालवतं सर? मॅडम का?" आणि दोघांनी एकमेकांकडे समजूतदारपणे बघितलं. क्लच प्लेट बदलली. गाडी होती तशीच राहिली. आता तर खात्रीच पटली; नवी प्लेटसुद्धा बाईंनी जाळली असणार.

त्यानंतरच्या बुधवारी हडपसरच्या पुलावर, ऐन मध्यावर, गाडीने मान टाकली. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक स्कूटरवाला जाता जाता म्हणाला, "आजी, घरी बसा की!" अनंतला ऑफिसातून यावं लागलं. घरी आल्यावर त्याने किल्ली आपल्या कपाटात ठेवली. ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वयाप्रमाणे होतं गं आई. रिफ्लेक्सेस कमी होतात. त्यात लाज कसली?"

लाज नव्हती, भीती होती. सकाळी घर रिकामं झालं की सुनीतीबाई जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसायच्या, आणि डावा पाय हवेत दाबून हळूहळू सोडायच्या. पाय नीट उठतो का, थरथरतो का, हे एकटक बघत बसायच्या. पाय बरा दिसायचा. पण ज्याच्यावर शंका घेतलीय त्या पायाची साक्ष कोण मानणार? बाळचे दोन बुधवार हुकले. फोनवर तो नुसता "ताई?" एवढंच विचारायचा.

तिसऱ्या बुधवारी त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणातली जास्तीची किल्ली काढली आणि गाडी रखडत रखडत कर्वेनगरला मुनव्वरच्या गॅरेजवर नेली. मुनव्वरच्या वडिलांनी, हमीदभाईंनी, त्यांची लुना सांभाळली होती. आता हमीदभाई बाकावर नुसते बसून असत.

"मुनव्वर, मला खरं सांग. गाडी बिघडलीय का मी?"

"आधी मी फिरवून बघतो, काकू."

तो स्वतः बसला, सुनीतीबाई शेजारी. चढ आला. गाडी कण्हली, दमली आणि मुनव्वरच्या पायाखालीही तशीच रांगायला लागली. सुनीतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी खराब आहे याचा एवढा आनंद त्या गल्लीत आजवर कुणाला झाला नसेल.

गॅरेजवर त्याने सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धरला. "हवाच सुटत नाहीये. कन्व्हर्टर जाम आहे." धूर साफ करणारा तो डबा त्याने खालून सोडवला आणि उजेडाकडे धरला. आत बारीक भोकांची जाळी असते, तिच्यातून पलीकडचं दिसायला हवं. सुनीतीबाईंनी चष्मा पुसून डोळा लावला. मिट्ट काळोख.

"प्लग नीट पेटत नव्हता, कच्चं पेट्रोल इथे येऊन जळत होतं. त्यानं जाळी वितळली. कोंडल्यावर इंजिन काय ओढणार? तुमचा पाय काय करील त्याला?"

हे शेवटचं वाक्य सुनीतीबाईंनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

कंपनीचा कन्व्हर्टर या जुन्या गाडीला परवडण्यासारखा नव्हता. मुनव्वरने बाहेरचा आणवला, मोकळ्या जाळीचा, धूर लवकर सोडणारा. प्लग बदलले. पीयूसी करून घेतली, ती पास झाली. आणि त्या गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे जुना डबा वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या हातात दिला.

संध्याकाळी तो डबा जेवणाच्या टेबलावर होता. अनंत आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "मोबाइलचा दिवा लाव आणि बघ यातून काही दिसतंय का."

त्याने बघितलं. "ओह. चोक्ड आहे की!"

सुनीतीबाई थांबल्या. त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं. लहानपणी शेजारच्यांची काच फोडल्यावर त्यांनी त्याच्याकडून ते हात धरून म्हणवून घेतलं होतं, तेवढंच. अनंत हात धुवायला गेला. त्याने ना ते वाक्य म्हटलं, ना चोरून गाडी नेल्याबद्दल रागावला. दुसऱ्या दिवशी स्वतः एक चक्कर मारून आला आणि खूश होऊन म्हणाला, "काय पळते गं आता!" आणि त्या वेड्या बाईला तेवढ्यानेच भरून आलं.

पुढच्या बुधवारी हडपसरचा पूल गाडीने गाणं म्हणत चढला. बाळला उशीला टेकवून बसवत त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तो अर्ध्या तोंडाने हसला. मग खिडकीकडे बोट करून कष्टाने म्हणाला, "तुरे... आले असतील."

उसाला तुरे येण्याचे दिवस होते. तीस वर्षं ज्या उसात वावरला, तो घरापासून हाकेच्या अंतरावर असून बाळने दोन वर्षांत बघितला नव्हता.

"पुढच्या बुधवारी," सुनीतीबाई म्हणाल्या. "शेजारचा सर्जेराव तुला उचलून गाडीत बसवेल. बांधाबांधाने हिंडू."

रविवारी सकाळी अनंतने त्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं. गाडीपाशी जयसिंग नावाचा गृहस्थ आणि त्याची बायको उभी होती.

"एकच हात आहे," अनंत सांगत होता. "आमच्या आईनेच चालवलीय पहिल्यापासून. लेडी ड्रिव्हन! इतकी जपून वापरते ना ती. क्लच बघा तुम्ही, लोणी आहे लोणी."

जयसिंग गाडी घेऊन गल्लीतला चढ चढून आला आणि तिथेच व्यवहार ठरला. अनंतची मोठी गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती आणि फ्लॅटला पार्किंग एकच. बिघडलेल्या गाडीला कोणी विचारत नव्हतं. आता चांगली किंमत आली. हे त्याने आईला कोपऱ्यात नेऊन, पुन्हा त्याच मऊ आवाजात सांगितलं. "तुला बुधवारी कॅब करून देत जाईन. आणि खरं सांगू? तुझी काळजी वाटते गं."

"तुरे बघायला न्यायचंय बाळला."

"व्हिडिओ पाठव म्हणावं कुणाला तरी."

"काकू, दुसरी किल्ली आहे ना?" जयसिंगने विचारलं. सुनीतीबाई वर गेल्या, खणातून किल्ली काढली, खाली आणून दिली. गाडी अजून चढाला दमते, असं खोटं बोलून व्यवहार मोडता आला असता. पण ज्या गाडीने आपल्याला खरं ठरवलं तिला खोटं पाडणं त्यांना जमलं नाही.

जयसिंग बायकोला म्हणाला, "आता शीक व्यवस्थित. काकूंसारखी चालवायची." त्याची बायको लाजली आणि आत बसून स्टिअरिंगवर हळूच हात ठेवून बघू लागली.

"कुणाच्या नावावर घेताय?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"माझ्या. का हो?"

"हिच्या नावावर घ्या."

जयसिंग मोठ्याने हसला, अनंतही हसला. सुनीतीबाईंनी खिडकीतून वाकून त्या मुलीकडे बघितलं. फक्त ती हसली नव्हती.