फुटका कोपरा
कपाट लावताना बायकोची ती निळी साडी हातात आली की मला अजून छपाईच्या रंगाचा वास येतो. नव्वदच्या दशकात मी उधन्यातल्या एका साड्यांच्या कारखान्यात डिझाइन ट्रेस करायचो. सेठ स्पेनमधलं ग्रॅनाडा बघून आले होते. तिथे तळलेल्या वांग्यावर मध ओतून खातात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही भरीत खाणारे खानदेशी कारागीर पोट धरून हसलो. मग तिथल्या राजवाड्यातल्या टाइलच्या भिंतीचा एक फोटो माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "बस, ऐसा ही चाहिए." आठवडाभर मान मोडून मी तो उतरवला. साड्या छापून वाळत पडल्यावर सेठ ओरडले, "अरे भाई, ये टूटेला किसने बनाया?" फोटोत एका टाइलचा कोपरा उडालेला होता आणि मी तोही इमानदारीत काढला होता. आता प्रत्येक साडीवर वीत-वीतभर अंतराने तो उडालेला! "फोटोत होतं, सेठ," एवढंच मी बोललो. नोकरी गेली असं धरूनच उभा होतो. त्यांनी एक साडी माझ्या अंगावर फेकली. "ले, घरवाली को दे. कल से दिमाग भी लगा, खाली आँख नहीं." बायकोने ती वर्षानुवर्षं हौसेने नेसली. गेल्या वर्षी मुलीने आम्हाला ग्रॅनाडाला नेलं. मधातली वांगी चक्क आवडली. राजवाड्यात मी ती भिंत शोधून काढली, तर कोपरा नवा बसवलेला. बायको बराच वेळ बघत राहिली. "या लोकांनी दुरुस्त केला हो," ती म्हणाली, "आता तो फुटका फक्त माझ्या साडीवर."