सरस्वतीकाकूंची मोठी बादली

मार्चमध्ये जिन्यावरून घसरून किर्ती सोनवणेच्या घोट्याचं हाड मोडलं आणि तिला सहा आठवडे घरी बसावं लागलं. तिची नोकरी दुसऱ्यांनी केलेल्या ॲपमधल्या चुका शोधण्याची. ऑफिसला जाणं बंद झाल्यावर ती घरातल्या चुका शोधू लागली. चौथ्या दिवशी आईने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "काय हवं ते कर," आई म्हणाली, "पण माझ्या भाकरीच्या कडा मोजू नकोस."

मग किर्तीने एक मोबाइल गेम केला. नाव ठेवलं 'टँकर आला'. एक टकला माणूस बादली घेऊन धावतो, वाटेतले कुत्रे आणि स्कूटर चुकवतो, पाणी भरतो आणि न सांडता घरी पोचतो. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या इमारतीला पाण्याची वाट पाहायची चांगलीच सवय, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर गेम टाकताच सगळे खेळायला लागले. पण दहा-बारा दिवसांत सगळ्यांना तो पाठ झाला. ग्रुपवर शांतता पसरली. शेवटी सेक्रेटरी दौलतरावांचा मेसेज आला, "खेळात तोचतोचपणा आला आहे. नवीन लेव्हल द्यावी, ही विनंती."

नवीन लेव्हल करायला दोन आठवडे लागले असते. किर्तीला आला कंटाळा. तिने प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकला आणि एका दुपारीत टकल्या माणसाच्या जागी इमारतीतली बारा माणसं काढली. दौलतरावांना त्यांच्या मिशा दिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सरस्वतीकाकूंना खोचलेलं हिरवं लुगडं दिलं. आतल्या हिशेबाला मात्र हात लावला नाही. सगळ्यांचा वेग तोच, बादली तीच, फक्त चेहरे वेगळे.

इमारत पुन्हा जागी झाली. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली त्या घरातल्या सरस्वतीकाकू. सुनेचा फोन हातात घेऊनच त्या खाली आल्या.

"किर्ते, माजी बादली मोठी केलीस ना गं? दौलतरावापरीस जास्त पानी मावतं."

"काकू, तुमचं लक्ष भारी बारीक," किर्ती म्हणाली. खोटं बोलल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही, उलट गंमत वाटली.

संध्याकाळी दौलतराव आले. "सेक्रेटरी म्हणून नाही, खेळाडू म्हणून सांगतो. माझा माणूस पळायला कमी पडतो. गुडघे दुखत असल्यासारखा पळतो."

"बघते हं काका," किर्ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली आणि ते गेल्यावर उशीत तोंड खुपसून हसली.

पण दौलतरावांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं होतं. त्यांनी स्टॉपवॉच काढलं. स्वतःच्या माणसाकडून तीस वेळा पाणी भरून घेतलं, सरस्वतीकाकूंकडून तीस वेळा. आठवड्याने ते आलेखाचा कागद घेऊन किर्तीसमोर बसले.

"दोघं एकदम सेम. बादली दोघांचीही अकरा सेकंदांत भरते. तू आम्हाला बनवलंस."

"हो काका."

त्यांनी आलेखावरच्या दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. "म्हणजे नवीन काहीच नव्हतं. आणि मी जेवण सोडून खेळत होतो." थोडं थांबून म्हणाले, "मिशी मात्र बरोबर आली होती."

रविवारी गच्चीवरच्या मीटिंगमध्ये त्यांनी कागद सगळ्यांना दाखवला. सरस्वतीकाकूंनी तो नीट पाहिला आणि परत दिला. "फोन माज्या हातात, बादली माज्या हातात. मला ठावं नाय का केवढी हाय ती?" सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या काकूंच्या बाजूने. दौलतरावांनी कागदाची घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

घरी बसलेल्या किर्तीला आईने हे सांगितलं, तेव्हा तिला पहिल्यांदा अपराधी वाटलं. खरं बोलणारा माणूस तिच्या थट्टेपायी एकटा पडला होता. निदान आता बादल्यांत खरोखर फरक पडावा म्हणून त्या रात्री तिने चेहऱ्यांना हात न लावता सगळ्यांना एकाच टँकरच्या रांगेत आणलं आणि एकच नियम घातला. रांगेत मागे उभा असलेला माणूस पुढच्याच्या बादलीतून मगाने पाणी काढून घेऊ शकतो.

पहिल्या दिवशी कुणी धजावलं नाही. दुसऱ्या दिवशी सरस्वतीकाकूंनी सहा जणांचं पाणी काढलं आणि ग्रुपवर तसं जाहीरही केलं. किर्तीच्या आईने दोघांचं काढलं आणि फोन बिघडलाय म्हणाली. दौलतराव मात्र रांगेत उभेच. रोज शेवटून तिसरे.

कोण कुणाचं पाणी घेतं याची नोंद फक्त किर्तीला दिसायची. गुरुवारी तिने ती उघडली. दौलतराव, दुपारी दोन चाळीस, सरस्वतीकाकूंच्या बादलीतून सात मग. त्यानंतर त्यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं, "चोरीचा नियम सोसायटीच्या शिस्तीला धरून नाही." आणि दोन मिनिटांनी आठवा मग काढला होता.

संध्याकाळी सरस्वतीकाकू दारात उभ्या. "मिश्यावालाच हाय ना?"

किर्तीने स्टुलावरचा पाय उगाच नीट केला.

"नको सांगूस. त्यालापन सांगू नको मला कळलं ते. उद्या मी बादली भरनारच नाय. रिकामी घेऊन उभी ऱ्हाते."

असं काही करता येईल हे किर्तीच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने लॅपटॉप उघडून पाहिलं. रिकाम्या बादलीत मग घालणाऱ्याची पाळी वाया जात होती. ही चूक होती, दोन ओळींत दुरुस्त झाली असती. तिने लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी दुपारी दौलतरावांनी रिकाम्या बादलीत तीनदा मग घातला. तेवढ्यात खेळातला टँकर निघून गेला. तिसऱ्या मजल्यावरून सरस्वतीकाकूंचं हसू जिन्यात घुमलं. किर्ती भिंतीला धरून लंगडत दारापर्यंत आली आणि कान देऊन उभी राहिली. जरा वेळाने वरून दौलतरावांचंही हसू ऐकू आलं, आधी दबकं, मग मोकळं.