वऱ्हाडाच्या चपला

धडधाकट वस्तू इतक्या मायेनं कापणारा माणूस माझ्या साडूशिवाय अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. तो कॉलेजात पॉलिमर शिकवतो, आणि कापलं तरी आपोआप जुळणारं प्लॅस्टिक बनवणं हा त्याचा ध्यास. आमच्या कुलरला त्यानं घरी बनवलेली नळी बसवून दिली, आणि मग चहाला आला की तीच कापून, दोन्ही तोंडं जुळवून, कौतुकानं बघत बसायचा. नळी जुळायची, तोवर घरभर पाणी. माझी बायको, म्हणजे त्याची धाकटी मेहुणी, चिडली की तिला समजावायचा, "काहून चिडते वं? प्लॅस्टिकमधी रेणूंच्या लांब साखळ्या राहतात. त्यायले हलाले जागा दिली का त्या चिरेपलीकडे जाऊन एकमेकीत गुंततात. कमी दिली तं जुळत नाही, जास्त दिली तं चिखल!" ज्ञान उत्तम, पण पोछा मलाच मारावा लागे.

साडूच्या एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा यानं पोरीसकट उमरेडच्या अख्ख्या वऱ्हाडाला त्या प्लॅस्टिकच्या चपला दिल्या. साखळ्यांच्या जागेचं माप जमवलं होतं डिसेंबरच्या थंडीत. लग्न होतं मे महिन्यात. उन्हानं साखळ्या मोकाट सुटतात हे पोरांना शिकवणारा माणूस गडबडीत नेमकं तेवढंच विसरला. मांडवाबाहेर उन्हात चपलांचा ढीग पडला आणि लग्न लागायच्या आत त्याची एकच गादीएवढी चप्पल झाली.

व्याही भडकले. "हे काय करून राहिले तुम्ही? आमची थट्टा लावली काय?"

साडू ढिगापाशी उकिडवा बसून आनंदानं थरथरत होता. "इवाई, बोट फिरवून पाहा ना! एक तरी सांधा सापडते काय!"

झालं! "चला रे, बसमधी बसा. हे लगन होत नाही," व्याह्यांनी जाहीर केलं. पोरीचा चेहरा उतरला आणि साडूला दरदरून घाम फुटला. पण बस उभी होती मैदानाच्या पार टोकाला. व्याही अनवाणी, तावातावानं चार पावलं गेले आणि उड्या मारत मांडवात परतले. मागोमाग अख्खं वऱ्हाड उड्या मारत आलं. आधी पोरीला हसू फुटलं, मग नवरदेवाला.

"लावून टाका लगन," व्याही तळपाय चोळत म्हणाले. "ऊन उतरेपर्यंत जाता तं येत नाही."

संध्याकाळी पोरीची पाठवणी झाली. मांडव रिकामा झाल्यावर बघतो तर साडू त्या गादीशी बसून नखानं उकरतोय.

"काय शोधून राहिला गा?"

"पोरीची चप्पल. अनवाणीच गेली ना गा ती," म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

मी खाली बसलो आणि दुसऱ्या बाजूनं शोधायला लागलो.